रस्ता अपघाताची नुकसानभरपाई : कायदा काय देतो, पुरावा काय मागतो

अतिवेग, चुकीच्या बाजूने ओलांडण्याची घाई, मद्यपान करून वाहन चालवणे, पावसाळ्यातील निसरडे रस्ते आणि रात्रीच्या वेळी रस्त्यावर बसलेली मोकाट गुरे ही गोव्यातील अपघातांची नेहमीची कारणे आहेत. अपघातानंतर कुटुंबाचे सारे लक्ष साहजिकच उपचारांकडे असते. नुकसानभरपाईचा विचार पुढे ढकलला जातो आणि तो सुरू होईपर्यंत मुदत व पुरावा हे दोन्ही हातचे निसटू लागतात. कायद्याने मिळू शकणारी रक्कम आणि प्रत्यक्ष हाती पडणारी रक्कम यांत पडणाऱ्या तफावतीचे हे एक मोठे कारण आहे.

या विषयाचा मूळ कायदा म्हणजे मोटार वाहन कायदा, १९८८. त्यातील विमा व भरपाईविषयक तरतुदी २०१९ च्या दुरुस्तीने बदलल्या आणि हे बदल १ एप्रिल २०२२ पासून लागू झाले.

भरपाईचे तीन मार्ग

पहिला मार्ग कलम १६४ चा. येथे वाहनचालकाचा दोष सिद्ध करावा लागत नाही. मृत्यू झाल्यास ५ लाख रुपये आणि गंभीर दुखापत झाल्यास अडीच लाख रुपये अशी ठरावीक रक्कम वाहनाच्या मालकाने किंवा विमा कंपनीने द्यायची असते.

दुसरा मार्ग कलम १६६ चा. येथे दुसऱ्या चालकाचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो. परंतु रकमेला कमाल मर्यादा नाही. मृत वा जखमी व्यक्तीचे वय, उत्पन्न, अवलंबून असलेली माणसे आणि अपंगत्व पाहून मोटार अपघात दावा न्यायाधिकरण भरपाई ठरवते.

तिसरा मार्ग धडक देऊन पळून गेलेल्या अज्ञात वाहनासंबंधीचा. कलम १६१ खाली मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात. त्यासाठी अर्ज न्यायाधिकरणाकडे न करता, अपघात झालेल्या उपविभागातील वा तालुक्यातील दावा चौकशी अधिकाऱ्याकडे करावा लागतो. ही योजना अस्तित्वात असल्याचे ठाऊक नसल्याने पात्र असूनही अर्ज न करणारी कुटुंबे असतात.

पहिल्या दोन मार्गांतील एक अट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. विमा कंपनीने पुढे केलेली कलम १६४ ची रक्कम विहित पद्धतीने स्वीकारली, की न्यायाधिकरणापुढील दावा संपुष्टात येतो. घरातील कर्ता माणूस गेल्यावर समोर आलेले ५ लाख नाकारणे कठीण असते. तरीही सही करण्यापूर्वी कलम १६६ खाली किती रक्कम होऊ शकेल, याचा हिशेब करून घेणे आवश्यक ठरते.

हिशेब कसा होतो

सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांनी हा हिशेब बऱ्याच अंशी निश्चित केला आहे. समजा, म्हापशात स्वतःचे छोटे गॅरेज चालवणारा ३२ वर्षांचा मेकॅनिक अपघातात दगावला. मागे पत्नी आणि दोन मुले आहेत. मासिक उत्पन्न २० हजार, म्हणजे वर्षाला २ लाख ४० हजार रुपये. चाळिशीच्या आतील स्वयंरोजगारी व्यक्तीसाठी भावी उत्पन्नवाढ म्हणून त्यात ४० टक्के मिळवले जातात; रक्कम ३ लाख ३६ हजार होते. अवलंबून असलेली माणसे तीन असल्याने मृताचा स्वतःचा खर्च म्हणून एक तृतीयांश वजा होतो आणि २ लाख २४ हजार उरतात. ३१ ते ३५ या वयोगटाचा गुणक १६ आहे. गुणाकार ३५ लाख ८४ हजार रुपये. अंत्यसंस्कार, मालमत्तेची हानी आणि सहवासाला मुकणे यांच्या ठरावीक रकमा त्याखेरीज मिळतात.

याच मेकॅनिकच्या उत्पन्नाचा पुरावा कुटुंबाला देता आला नाही आणि न्यायाधिकरणाने मासिक उत्पन्न १० हजार धरले, तर ही मुख्य रक्कम नेमकी निम्मी, १७ लाख ९२ हजार होते. प्राप्तिकराचे विवरणपत्र, बँकेचे पासबुक, पंचायतीचा वा नगरपालिकेचा व्यवसाय परवाना, मालखरेदीची बिले या कागदांचे मोल येथे कळते.

गृहिणीच्या बाबतीत उत्पन्न शून्य धरता येत नाही. तिच्या घरकामाचे आर्थिक मूल्य गृहीत धरून भरपाई द्यावी, हे सर्वोच्च न्यायालयाने कीर्ती खटल्यात (२०२१) पुन्हा स्पष्ट केले आहे. जखमींच्या बाबतीत राजकुमार (२०११) हा निकाल मार्गदर्शक मानला जातो. वैद्यकीय प्रमाणपत्रावरील अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईच्या क्षमतेत झालेली घट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हात गमावलेला सुतार आणि हात गमावलेला कारकून यांचे शारीरिक अपंगत्व सारखे असले, तरी उपजीविकेचे नुकसान सारखे नसते. त्यामुळे प्रमाणपत्राबरोबर जखमी व्यक्ती नेमके कोणते काम करीत होती, हेही सिद्ध करावे लागते.

विमा कुठे अडतो

अपघातग्रस्ताचाही निष्काळजीपणा सिद्ध झाला, तर त्या प्रमाणात भरपाई कमी होते. मात्र नियमभंग झाला म्हणून ती आपोआप कापली जात नाही. दुचाकीवर तिघे बसले होते, एवढ्यावरून दोष लादता येणार नाही. त्या नियमभंगाचा अपघाताशी कार्यकारणसंबंध दिसला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये मोहम्मद सिद्दिकी खटल्यात म्हटले आहे.

खासगी नोंदणीची दुचाकी वा मोटार पर्यटकांना भाड्याने देणाऱ्यांनी एक धोका ओळखायला हवा. असा वापर विम्याच्या अटींत बसत नाही. विमा कंपनी जबाबदारी नाकारू शकते आणि भरपाईचा बोजा मालकावर येऊ शकतो. विमाच नसलेल्या वाहनाच्या मालकाचीही गत तीच.

स्वतःच्याच चुकीने घसरून पडलेल्या मालक-चालकाला थर्ड पार्टी विम्यातून काही मिळत नाही. त्याच्यासाठी १५ लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात संरक्षण असते. वाहनाचा विमा उतरवताना थोडे पैसे वाचवण्यासाठी ते गाळण्याकडे अनेकांचा कल असतो.

पहिले दिवस आणि सहा महिने

जखमीला रुग्णालयात पोचवणाऱ्यावर कोणतीही दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही आणि त्याला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. कलम १३४अ ने हे संरक्षण दिले आहे. २०२५ च्या केंद्रीय योजनेनुसार नियुक्त रुग्णालयांत अपघाताच्या तारखेपासून ७ दिवसांपर्यंत, प्रत्येक जखमीमागे दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोकडरहित उपचाराची तरतूद आहे.

पोलिसांनी ४८ तासांत प्राथमिक अपघात अहवाल न्यायाधिकरणाला व विमा कंपनीला द्यावा आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल सादर करावा, असे नियम सांगतात. कुटुंबाने एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, वाहनाचा व विम्याचा तपशील, रुग्णालयाची कागदपत्रे, औषधांची मूळ बिले आणि मृत्यू झाल्यास शवविच्छेदन अहवाल यांच्या प्रती मिळवून एकत्र ठेवाव्यात.

दाव्याची मुदत अपघातापासून सहा महिने आहे. तिच्या वैधतेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले असले, तरी मुदतीत अर्ज करणे हाच सुरक्षित मार्ग होय. अर्ज अपघातस्थळी, अर्जदाराच्या राहत्या ठिकाणी किंवा प्रतिवादीच्या ठिकाणी करता येतो. त्यामुळे गोव्यात जखमी झालेल्या बेळगाव वा सावंतवाडीच्या रहिवाशाला प्रत्येक तारखेला पणजी-मडगावच्या फेऱ्या माराव्या लागत नाहीत. निकाल मान्य नसल्यास गोव्यातील दाव्यांत मुंबई उच्च न्यायालयाच्या पर्वरी येथील खंडपीठाकडे ९० दिवसांत अपील करता येते.

मिळणाऱ्या भरपाईतील टक्केवारी मागणे वकिलांच्या व्यावसायिक नियमांत बसत नाही. महिला, मुले, अपंग व्यक्ती, कामगार आणि अनुसूचित जाती-जमातींतील नागरिकांना, उत्पन्न कितीही असले तरी, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. नवऱ्याच्या निधनानंतर एकट्या पडलेल्या स्त्रीने मध्यस्थाने पुढे केलेल्या कागदावर सही करण्याआधी या कार्यालयाची पायरी चढणे अधिक हिताचे आहे.