लक्ष्मीतालाकाठची छत्री

झाशी शहराला लागून लक्ष्मीताल नावाचा जुना तलाव आहे. त्याच्या काठी महालक्ष्मीचे मंदिर आहे आणि जवळच राजे गंगाधरराव नेवाळकर यांची छत्री. ती राणी लक्ष्मीबाईंनी बांधविली. झाशीस जाणारे आपण बहुधा किल्ला पाहून परततो. परंतु झाशीच्या दुर्दैवाचा आरंभ या छत्रीपाशी आहे.

गंगाधररावांचा देहान्त २१ नोव्हेंबर १८५३ रोजी झाला. आदल्याच दिवशी त्यांनी पाच वर्षांच्या आनंदरावास कंपनीच्या अधिकाऱ्यांसमक्ष दत्तक घेतले होते. १८५४ साली लॉर्ड डलहौसीने या दत्तकाचा गादीवरील हक्क नाकारला आणि झाशी खालसा झाली. राजांच्या मृत्यूचे कारण म्हणून इतिहासग्रंथ एकच शब्द देतात : आमांश.

सरकारी दप्तरात वावरणाऱ्या माझ्यासारख्यास अशा शब्दांची ओळख आहे. रकाना भरतो, प्रकरण मिटते. परंतु आमांश हे लक्षण होय, कारण नव्हे. रक्त कोठून आले व कशाने आले, हे त्यातून कळत नाही. ते शोधण्याचे साधन त्या काळी ना वैद्यांजवळ होते, ना डॉक्टरांजवळ. आमांशाचा अमीबा लॉश याने रशियात १८७५ साली वर्णिला; दुसऱ्या प्रकारच्या आमांशाचा जंतू शिगा याने जपानातील १८९७ च्या साथीत शोधला.

मोठ्या आतड्याचे कोडे असे उलगडत गेले. लहान आतडे मात्र पुढेही शतकभर दृष्टीआडच राहिले. तोंडावाटे घातलेली दुर्बीण त्याच्या आरंभाशी थांबे, गुदमार्गे घातलेली त्याच्या शेवटाशी. मधल्या कित्येक हातांच्या वेटोळ्यांत क्षयाचा व्रण, विकृत रक्तवाहिनी, अर्बुद किंवा मेकेलची जन्मजात पिशवी गुपचूप रक्त गाळीत राही. २००० साली गिळता येणारी कॅमेऱ्याची कुपी जगापुढे आली. पाठोपाठ जपानच्या यामामोतो यांनी दोन फुग्यांच्या आधाराने पुढे सरकणारी दुर्बीण सिद्ध केली. तेव्हा कोठे या अंधारात दिवा लागला.

गंगाधररावांच्या आजाराचा निवाडा आज करू जाणे हे धाडस ठरेल. पण छत्रीपाशी उभे राहिले की एक गोष्ट मनाला टोचते. वैद्यकाने रोगास एक नाव देऊन विचार थांबविला. राज्यकर्त्यांनी ‘वारस नाही’ असे म्हणून राज्य बुडविले. दोन्हीकडे शब्दाने शोधाची जागा घेतली. आपल्या घरी कोणास रक्त पडले, तर नुसत्या नावावर समाधान न मानता कारण विचारावे, एवढा बोध या तळ्याकाठून घेण्याजोगा आहे.