शिंदे-वासुलीची फाईल

पुणे-मुंबई रस्त्यातून नाशिकचा रस्ता फुटतो तो फाटा कासारवाडीत आहे. आषाढीच्या दिवसांत तुकोबांची पालखी आकुर्डीचा मुक्काम उरकून याच कासारवाडीवरून दापोडीकडे जाते. बाकीचं वर्षभर भोसरी-चाकणच्या मालाचे कंटेनर इथे वळण घेतात. फाट्यावरच्या दुमजली उड्डाणपुलाला जे. आर. डी. टाटांचं नाव दिलेलं आहे. पुढच्या हकिकतीत वारकरी आहेत, चाकणची एमआयडीसी आहे आणि टाटा समूहाच्या अध्यक्षांचं एक पत्रही आहे. तेव्हा सुरुवात या फाट्यापासूनच केलेली बरी.

नाशिक रस्त्याने चाकणला गेलं आणि तिथून डावीकडे वळलं की खेड तालुक्यातली शिंदे आणि वासुली ही गावं लागतात. शेजारी भामचंद्राचा डोंगर. तुकोबा तिथे चिंतनाला बसत, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. या डोंगराच्या परिसरात डाऊ केमिकल या अमेरिकी कंपनीला संशोधन केंद्रासाठी सुमारे १०० एकर जागा देण्यात आली. गुंतवणूक ४०० कोटींच्या घरातली सांगितली जात होती. कंपनीचं म्हणणं असं, की इथे कारखाना नाही, फक्त प्रयोगशाळा येणार आहे. गावकऱ्यांचं म्हणणं होतं की जागा गायरानाची आहे, ती देताना आम्हाला कुणी विचारलं नाही आणि प्रयोगशाळेचं सांडपाणी शेवटी इंद्रायणीतच जाणार. इंद्रायणी पुढे देहू-आळंदीवरून वाहते.

जानेवारी २००८ मध्ये गावकऱ्यांनी जागेकडे जाणारा रस्ता अडवला. निवृत्त न्यायमूर्ती बी. जी. कोळसे पाटील आंदोलनात उतरले. वारकरी नेते बंडातात्या कराडकरांमुळे वारकरी मोठ्या संख्येने आले. त्याच वर्षी जुलैत जागेवर जाळपोळ झाली. ती समर्थनीय नव्हती, आणि आंदोलनाच्या बाजूने लिहिणाऱ्यांनी ती गाळून पुढे जाऊ नये. त्यानंतर काम थांबलं ते थांबलंच. २०१० मध्ये कंपनीने ही जागा सोडली.

वर्तमानपत्रांत गोष्ट एवढीच आली. एका बाजूला रस्ता अडवणारी माणसं, दुसऱ्या बाजूला गुंतवणूक. ‘विकासाला विरोध’ हा शिक्का तयारच होता, तो मारून विषय मिटला. पण त्याच तीन-चार वर्षांचे दिल्ली आणि वॉशिंग्टनचे कागद आज उपलब्ध आहेत. ते तारखांनुसार एकापुढे एक लावले की शिंद्यातला अडवलेला रस्ता वेगळा दिसू लागतो.

पहिला कागद मे २००५ चा. फेब्रुवारी २००१ मध्ये डाऊने भोपाळ वायुदुर्घटनेतली युनियन कार्बाइड विकत घेतली होती. कार्बाइडच्या भोपाळमधल्या जुन्या कारखान्याच्या आवारातला विषारी कचरा तसाच पडून होता आणि तो हटवण्याबाबत मध्य प्रदेश उच्च न्यायालयात जबलपूरला याचिका चालू होती. तिच्यात केंद्र सरकारच्या रसायन खात्याने अर्ज केला की सफाईच्या खर्चापोटी डाऊ आणि इतर संबंधितांनी १०० कोटी रुपये आगाऊ जमा करावेत. डाऊच्या उलाढालीपुढे ही रक्कम किरकोळ होती. कंपनीला सलत होता तो तिचा अर्थ. पैसे भरायला सांगणं म्हणजे जबाबदारी आहे असं भारत सरकार मानतं, असा तो अर्थ होता.

त्यानंतरच्या पत्रांचा एक गठ्ठा आहे. भोपाळच्या संघटनांनी माहितीच्या अधिकारात तो मिळवला. ८ नोव्हेंबर २००६ रोजी डाऊचे प्रमुख अँड्र्यू लिव्हेरिस यांनी वॉशिंग्टनमधले भारतीय राजदूत रोनेन सेन यांना पत्र लिहिलं. दोन्ही देशांच्या उद्योगप्रमुखांच्या बैठकीत भारत सरकारच्या प्रतिनिधींनी डाऊ जबाबदार नसल्याचं सांगितलं होतं, तर आता त्याला साजेशी कृती व्हावी, असा त्याचा आशय. त्याच सुमारास रतन टाटांनी नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष माँटेकसिंग अहलुवालिया यांना लिहिलं. खात्याने तो १०० कोटींचा अर्ज मागे घेणं डाऊच्या दृष्टीने कळीचं आहे, हे त्या पत्रात मांडलेलं आहे. शिवाय भोपाळच्या सफाईसाठी भारतीय उद्योगांनी मिळून निधी उभारावा, त्यात पुढाकार घेण्याची आपली तयारी आहे, असंही. ५ डिसेंबर २००६ रोजी अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी हा प्रस्ताव स्वीकारावा असं टिपण केलं. फेब्रुवारी २००७ मध्ये वाणिज्यमंत्री कमलनाथ यांनी पंतप्रधानांकडे डाऊच्या गुंतवणुकीचा मुद्दा मांडला. एप्रिलमध्ये मंत्रिमंडळ सचिवांचं टिपण आलं. भावी गुंतवणूक लक्षात घेता न्यायालयात भांडत बसण्यापेक्षा हा विषय सामोपचाराने मिटवावा, असा त्याचा सूर होता.

या पत्रांत बेकायदा काही नाही. लाच नाही, धमकी नाही. भाषा सभ्य आहे आणि टाटांच्या पत्रातला सफाईचा हेतू खोटा मानायचं कारण मला दिसत नाही. पण पत्रं ज्या क्रमाने फिरली तो क्रम पाहा. कंपनीचा प्रमुख राजदूताला लिहितो, उद्योगपती नियोजन आयोगाला, मंत्री पंतप्रधानांना. साधारण सहा महिन्यांत हा विषय देशातल्या सर्वांत वरच्या टेबलांवर पोहोचतो आणि ‘आता हे मिटवून टाकू’ असं शासनाच्या शिखरावरचा अधिकारी लिहितो. भोपाळची बाधित माणसं तोवर दोन दशकं त्याच टेबलांकडे अर्ज करत होती. २००६ मध्ये तर ती भोपाळहून दिल्लीपर्यंत पायी चालत गेली. लोकशाहीवर कंपन्यांची पकड म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे नोटांनी भरलेली बॅग येते. इथे बॅगेची गरजच पडलेली नाही.

बॅगेचा कागद वेगळा आहे, आणि तो भारतातल्या कुठल्याही कचेरीत सापडलेला नाही. फेब्रुवारी २००७ मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने, सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनने, डाऊवर कारवाई केली. डाऊची मुंबईतली उपकंपनी डीई-नोसिल. १९९६ ते २००१ या काळात तिने भारतातल्या सरकारी अधिकाऱ्यांना अंदाजे दोन लाख डॉलर गैरमार्गाने दिले, असा आरोप होता. तीन कीडनाशकांची नोंदणी लवकर व्हावी म्हणून केंद्रीय कीटकनाशक मंडळातल्या एका अधिकाऱ्याला पैसे पोहोचवण्यात आले आणि राज्यांतल्या निरीक्षकांना छोट्या छोट्या रकमा वारंवार मिळत राहिल्या, असा तपशील त्यात आहे. डाऊने आरोप मान्यही केले नाहीत आणि नाकारलेही नाहीत. ३,२५,००० डॉलर दंड भरून प्रकरण मिटवलं. लाच घेतली गेली असेल तर ती आपल्या निरीक्षकांनी, आपल्या शेतात फवारायच्या औषधांसाठी. ती उघडकीला आली ती मात्र तिकडच्या भागधारकांना हिशेब खरा दाखवला पाहिजे या कायद्यामुळे. आपल्याकडच्या तपासयंत्रणा त्यानंतर हलल्या.

दंडाची ही बातमी आली त्यानंतर वर्षही उलटत नाही तोच शिंद्यात रस्ता अडला. ‘अडाणी गावकऱ्यांना कुणीतरी भडकवलं’ असं तेव्हा बोललं गेलं. अमेरिकी नियामकाने लेखी नोंदवलेल्या आरोपांनंतर एखाद्या गावाने कंपनीच्या शब्दावर विश्वास ठेवायला नकार दिला, तर त्याला अडाणीपणा म्हणता येत नाही.

आता गावाकडे येऊ. गावाने रस्त्याऐवजी योग्य त्या ठिकाणी हरकत नोंदवायला हवी होती, असा एक आक्षेप असतो. हे योग्य ठिकाण कुठलं? पर्यावरण मंत्रालयाची १४ सप्टेंबर २००६ ची अधिसूचना उघडली की ठरावीक प्रकल्पांसाठी जाहीर जनसुनावणी सक्तीची केलेली दिसते. पण त्याच मजकुरात पुढे सूट आहे: मंजूर औद्योगिक वसाहतीतल्या प्रकल्पांना जाहीर सल्लामसलत नको. मोठ्या बांधकाम प्रकल्पांनाही नको. प्रयोगशाळा हा प्रकार अधिसूचनेतल्या प्रकल्पांच्या यादीत वेगळा नोंदवलेलाच नाही. म्हणजे जमिनीवर एमआयडीसीची मोहोर उठली की गावाने बोलण्याची जागा बहुतेक संपते.

बरं, एमआयडीसीची मोहोर उठण्याआधी? १९६१ च्या महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियमात भूसंपादनापूर्वी कलम ३२(२) ची नोटीस निघते. जमीनमालकाने कारण दाखवायचं आणि त्याचं म्हणणं ऐकायचं. पण गायरानाचा मालक कोण? महसुली दप्तरात सरकार. सरकारी जमीन महामंडळाच्या हवाली करण्याची तरतूद याच कायद्यात आहे. म्हणजे गायरान जातं तेव्हा देणारंही सरकार आणि घेणारंही सरकारचंच महामंडळ. ज्यांची गुरं तिथे पिढ्यान् पिढ्या चरली त्यांना नोटीस द्यावी असं कायद्याला वाटत नाही. एका टोकाला राजदूतापासून पंतप्रधानांपर्यंत उघडी दारं आणि दुसऱ्या टोकाला नोटिशीचा एक कागदही नाही. मधे उरतो तो रस्ता, आणि गावाने तोच अडवला.

मग यातून बदललं काय? डाऊ गेली, हे पहिलं. दिल्लीत सामोपचाराची टिपणं लिहिली गेली असली, तरी डिसेंबर २०१० मध्ये केंद्र सरकारने भोपाळच्या बाधितांच्या वाढीव भरपाईसाठी सर्वोच्च न्यायालयात उपचारात्मक याचिका दाखल केली. ती १४ मार्च २०२३ रोजी फेटाळली गेली. गायरानांच्या बाबतीत २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपालसिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनी वाचवण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले. त्यानंतर १२ जुलै २०११ रोजी महाराष्ट्राने शासन निर्णय काढून गायरान वाटपावर बंधनं घातली. याचं श्रेय शिंदे-वासुलीला देता येणार नाही. पण नुसता न्यायालयाचा आदेश आला म्हणून गावं जागी होतात असंही नाही. आधी अशी आंदोलनं झालेली असावी लागतात.

याच २००८ सालातला आणखी एक प्रयोग इथे आठवला पाहिजे. २१ सप्टेंबरला रायगड जिल्ह्यात, पेण परिसरातल्या हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत, रिलायन्सच्या नियोजित महामुंबई सेझसाठी जमीन द्यायची का, यावर शेतकऱ्यांचा कौल घेतला गेला. जिल्हा प्रशासनाने तो घेतला. सेझ शेवटी झालं नाही. हा कौल घ्यावा असं कायद्यात कुठेच नव्हतं, मोर्चे आणि उपोषणांच्या रेट्यापुढे सरकारने तो मान्य केला होता. म्हणजे प्रशासनाला गावाचं मत मोजता येतं, मतदानकेंद्रं उभी करता येतात, यादीही करता येते. ‘व्यवहार्य नाही’ ही सबब त्या दिवशी संपली. ती पद्धत पुढे नियमात आणली गेली नाही, ही माझ्या मते महाराष्ट्राने घालवलेली मोठी संधी.

उलट पाऊल मागे पडलं. २०१३ च्या केंद्रीय भूसंपादन कायद्याने खासगी प्रकल्पांसाठी ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती आणि सामाजिक परिणामांचा अभ्यास सक्तीचा केला. महाराष्ट्राने २०१८ मध्ये त्यात दुरुस्ती करून कलम १०५-अ घातलं आणि औद्योगिक विकास अधिनियमाखालचं संपादन त्या कायद्याच्या कक्षेबाहेर काढलं. मोबदल्याच्या तरतुदी लागू ठेवल्या. म्हणजे पैसे मिळतील, पण ‘नको’ म्हणायची सोय नाही. या दुरुस्तीविरुद्ध कासारवाडीच्या फाट्यावर कुणी रस्ता अडवल्याचं कुणाला आठवत नसेल. कायद्याचं कलम बुलडोझरसारखं डोळ्यांना दिसत नाही.

शिंदे-वासुलीच्या आसपास आज चाकणच्या दुसऱ्या टप्प्यातले कारखाने आहेत आणि वासुली फाट्यावर कामावर जाणाऱ्या बसगाड्यांची गर्दी असते. आळंदीत इंद्रायणीवर वर्षानुवर्षं पांढरा फेस येतो. त्यात एका परदेशी कंपनीचा हात नाही. पिंपरी-चिंचवडचं मैलापाणी आणि अनेक लहानमोठ्या कारखान्यांचं सांडपाणी, असं सगळ्यांचं मिळून ते आहे. एका नावाविरुद्ध वारकरी उभे करता आले. शेकडो नावांविरुद्ध ते जमलेलं नाही.

म्हणून वाचकांपैकी जे या पट्ट्यातल्या ग्रामपंचायतींत किंवा महापालिकेत निवडून जातात, किंवा त्यांना निवडून देतात, त्यांनी दोन कामं हाती घ्यावीत. आपल्या गावच्या गायरानाचा सातबारा आजच काढून ठेवावा आणि त्यावरचे फेरफार वाचावेत. आणि विधानसभेच्या उमेदवाराला कलम १०५-अ बद्दल त्याचं मत लेखी विचारावं.