महापुरुष, उपहास आणि कलम २९२

ब्रिटिश सरकारने १८७६ साली नाट्यप्रयोग कायदा आणला तो कलकत्त्यातल्या एका प्रहसनाने दुखावल्यामुळे. म्हणजे भारतात थट्टेवर कायद्याचा पहारा जुनाच आहे. १९१० मध्ये नाटककार कृ. प्र. खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ या नाटकावर बंदी आली, कारण महाभारतातल्या कीचकात प्रेक्षकांना व्हाइसरॉय राहिलेला लॉर्ड कर्झन दिसत होता.

स्वातंत्र्यानंतर घटनेच्या कलम १९(१)(अ) ने अभिव्यक्तीचा हक्क दिला, तर १९(२) ने सभ्यता, नीतिमत्ता, बदनामी अशी कुंपणे घातली. मराठीत या कुंपणाची खरी कसोटी लागली ती वसंत दत्तात्रेय गुर्जर यांच्या ‘गांधी मला भेटला होता’ या कवितेमुळे. १९९४ मध्ये ती बँक कर्मचाऱ्यांच्या एका खाजगी वितरणाच्या बुलेटिनमध्ये छापली गेली. गांधींच्या तोंडी शिवराळ भाषा घालून कवीने गांधीनामाचा बाजार मांडणाऱ्या समाजाला झोडपले होते. पतित पावन संघटनेने तक्रार केली आणि खटला लातूरच्या न्यायालयात उभा राहिला. वैमनस्य पसरवल्याचे आरोप वगळले गेले, तत्कालीन भारतीय दंड संहितेतील अश्लीलतेचे कलम २९२ मात्र राहिले.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ऐतिहासिक, आदरणीय व्यक्तीसाठी अश्लीलतेचा वेगळा निकष कायद्यात नाही, असे न्यायमित्र फली नरिमन यांनी मांडले, आणि कलम २९२ मध्ये महापुरुषांचा उल्लेख खरोखरच नव्हता. तरीही १४ मे २०१५ च्या निकालात न्यायालयाने अशा व्यक्तींबाबत समकालीन समाजमानाची कसोटी अधिक कडक लावली. माफी छापणारे प्रकाशक व मुद्रक सुटले. कवीवरील आरोप कायम राहिला.