एका जुन्या वस्तऱ्याची हकीकत

कामोठ्यास राहावयास येऊन आम्हांस आतां बरींच वर्षें झालीं. सिडकोची स्थापना १९७० सालीं झाली, आणि नव्या मुंबईच्या योजनेंत पनवेल तालुक्यांतील ज्या गांवांच्या जमिनी गेल्या त्यांतलेंच हें एक. आज येथें इमारतींच्या रांगा आहेत आणि कोठकोठल्या गांवांहून आलेले आमच्यासारखे लोक त्यांत राहतात. अशा वसाहतींत इतिहासाच्या अभ्यासकाच्या हातीं कांहीं लागेल अशी मला आशा नव्हती. परंतु गेल्या पावसाळ्यांत माझ्या नेहमींच्या केशकर्तनालयांत एक वस्तरा माझ्या हातीं आला, आणि त्यानें माझे चार महिने घेतले.

दुकानाचे मालक सत्तरी ओलांडलेले, मूळचे जुन्या पनवेलांतले. घर पाडावयाचें ठरल्यावर माळ्यावरची पणजोबांची धोकटी त्यांनीं खालीं आणली होती. तींत नराणी, पितळी वाटी, मधोमध झिजून होडीसारखा झालेला निसणा आणि गंजानें तांबडा पडलेला वस्तरा होता. "भंगारांत घालण्यापेक्षां सर, तुम्ही न्या," असें म्हणून ते तो फुकटच देत होते. मीं आग्रहानें पांचशें रुपये ठेवले. नोटा गल्ल्यांत टाकतां टाकतां ते सहज बोलून गेले, "आमच्या पणजोबांनीं बायकांच्या डोक्याला हा कधीं लावला नाहीं. आजी सांगायची."

हें वाक्य ऐकलें नसतें तर मी वस्तरा केवळ एक शोभेची वस्तु म्हणून कपाटांत ठेवला असता.

घरीं येऊन पात्याच्या मुळाशीं घांसलें तेव्हां मुकुट, त्याखालीं व्ही. आर. हीं अक्षरें, आणि तारा व क्रूस अशी जोडखूण दिसूं लागली. ही खूण शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स यांच्या कारखान्याची. अक्षरें व्हिक्टोरिया राणीचीं, म्हणजे माल १८३७ ते १९०१ च्या दरम्यानचा. परदेशी मालावर देशाचें नांव पाहिजे असा अमेरिकेचा जकातीचा कायदा १८९० चा. तेव्हांपासून शेफील्डच्या मालावर गांवाच्या जोडीला इंग्लंडचें नांवही पडूं लागलें. येथें नुसतें शेफील्ड आहे. तेव्हां वस्तरा बहुधा १८९० च्या अलीकडे येत नाहीं. बहुधा म्हणतों, कारण असल्या खुणांवरून केलेलें कालनिर्णयन हें अनुमानच होय.

शेफील्डची कीर्ति ज्या पोलादावर उभी राहिली तें बेंजामिन हंट्समन नांवाच्या घड्याळजीनें १७४० च्या सुमारास मुशींत वितळवून सिद्ध केलें. त्याला घड्याळाच्या कमानी हव्या होत्या, जगाला वस्तरे मिळाले. आपल्याकडे दक्षिणेंत मुशींतलें पोलाद त्याच्या कितीतरी आधीं होत असे. त्याचे नमुने मुंबईच्या डॉक्टर हेलेनस स्कॉटनें १७९४ च्या सुमारास लंडनच्या रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांकडे धाडले, आणि पुढें फॅरेडेसारख्या शास्त्रज्ञानेंही स्टोडार्ट या शस्त्रकारासह त्यावर प्रयोग केले. ज्या देशाचें पोलाद विलायतेस तपासावयास गेलें त्याच देशाच्या न्हाव्याच्या धोकटींत पुढें विलायती वस्तरा आला; व्यापाराची ही उलटी गंगा आपणांस नवी नाहीं.

दुरुस्तीचा भाग मात्र मला फार आवडला. यंत्राच्या चाकावर धरावें तर पातें तापतें, आणि तापलें कीं पोलादाचें पाणी उतरतें. मग त्यावर कितीही धार लावा, ती टिकत नाहीं. म्हणून दोन दिवस रॉकेलांत भिजत घालून तेल व बारीक पॉलिश कागद यांनीं हातानेंच घांसलें. शिंगाची मूठ कोरडी पडली होती, तिला खोबरेल चोळलें. धारेंत दोन ठिकाणीं गंजानें खाल्लेले खळगे होते. ते जाईपर्यंत दगडावर झिजविणें भाग होतें. वस्तऱ्याचें रहस्य असें कीं त्याचा जाड कणा आणि धार हीं दोन्ही एकदम दगडाला टेकतात. कणाच कोन धरून ठेवतो. दगडावर धार पुढें चालते, कातड्यावर परजतांना कणा पुढें चालतो. हें उलटें केलें कीं कातडें कापलें जातें. मीं एक कापलें.

घांसतांना मनांत मात्र तें वाक्य होतें. १८५६ च्या कायद्यानें विधवेस पुनर्विवाह करतां येऊं लागला, पण तिच्या केशवपनास त्यानें कोठेंच अडविलें नाहीं. १८८८ पासून आगरकर 'सुधारकां'त त्याविरुद्ध लिहीत होते. हरिभाऊ आपट्यांची यमू १८९० पासून 'करमणुकी'च्या वाचकांपुढें येऊं लागली. त्याच १८९० सालीं मुंबईस नाभिकांनीं सभा भरवून विधवांच्या डोक्यांस वस्तरा न लावण्याचा निश्चय केला. त्यामागें 'दीनबंधु'चे नारायण मेघाजी लोखंडे होते, आणि लोखंड्यांमागें जोतीराव फुल्यांचा सत्यशोधक समाज. आम्ही सुशिक्षित लोक सुधारणेचा इतिहास लिहितांना लेखण्या मोजतों. हात मोजण्याचें आम्हांस फारसें सुचत नाहीं. कायदा आणि लेख यांवांचून कित्येक घरांतून केशवपन चालूं शकलें, पण न्हाव्यावांचून तें चालणें कठीण होतें.

मुंबईच्या न्हाव्यास रोख पैसे मिळत. गांवांतल्या न्हाव्याचें बलुतें भाताच्या खळ्यावर ठरे, आणि नकाराची किंमत त्यास वर्षभर पोटानें द्यावी लागे. पनवेलच्या एका न्हाव्यानें ती दिली, असें त्याची सून सांगे. पोलादावर याचा कांहींच पुरावा राहत नाहीं. घराण्याच्या आठवणी घराण्यास सोयीच्या असतात, हें मी वर्गांत तीस वर्षें शिकवीत आलों आहें.

माझ्याही घराण्याची एक आठवण आहे. माझ्या पणजोबांची बहीण चौदाव्या वर्षीं विधवा झाली. आजीनें तिला म्हातारपणीं पाहिलें होतें. दर पंधरवड्यास मागल्या दारीं न्हावी येई आणि ती पाटावर जाऊन बसे, एवढेंच आजी सांगे. ती आठवण मात्र मीं कधीं तपासून पाहिली नाहीं. तिच्यावर माझा सरळ विश्वास बसला होता.

दिवाळीनंतर वस्तरा घेऊन मी दुकानांत गेलों. मालकांनीं चष्मा लावला, मनगटावरचे दोन केस उडवून पाहिले आणि म्हणाले, "लागला." मीं म्हटलें, "मग काका, आज ह्यानेंच दाढी करा."

"नाहीं सर. आतां एकाला लावलेली धार दुसऱ्याला चालत नाहीं." त्यांनीं वस्तरा मिटून माझ्या हातांत दिला, खणांतून नव्या पात्याची पुडी काढली आणि पातें कागदासकट मधोमध मोडलें.