पेवातले धान्य आणि डोहातली खते

माउली, युद्धाची नुसती आवई उठली तरी किराणा दुकानापुढे गर्दी होते. दोन किलो साखर लागणारा दहा किलो नेतो. मागून येणाऱ्या रोजंदारीवाल्या बाईला रिकामी पिशवी घेऊन परतावे लागते. ही भीती नवी नाही. आपल्या वाशीच्या मुलखाने तिचे फार भयंकर रूप पाहिले आहे.

एका बाजूला धारूरचा किल्ला, दुसऱ्या बाजूला परांड्याचा, आणि मध्ये आपली वाशी. नाथांच्या पालखीबरोबर चालणाऱ्यांना परांडा चांगले ठाऊक आहे. १६३० साली हा मुलूख निजामशाहीचा होता आणि ती बुडवण्यासाठी शहाजहान बादशहा बुऱ्हाणपुरात तळ देऊन बसला होता. त्याच वर्षी पावसाने पाठ फिरवली. १६३१ मध्ये मोगल सरदार आझमखानाने धारूर घेतले आणि परांड्याला वेढा घातला. पण जनावरांना वैरण मिळेना, म्हणून त्याला वेढा उठवावा लागला. बादशाही फौजेची ही गत, तर आपल्या कुणब्याच्या दावणीला काय उरले असेल?

पीटर मंडी हा इंग्रज व्यापारी त्याच सुमारास सुरतेहून बुऱ्हाणपूरमार्गे आग्र्याला गेला. वाटेत त्याला जागोजाग प्रेते दिसली; बादशहाच्या छावणीत मात्र सर्व जिन्नस भरपूर होते. म्हणजे धान्य अजिबात नव्हते असे नाही. जिथे तलवार आणि पैसा होता तिकडे ते ओढले जात होते. बादशहाने लंगर उघडले, दर सोमवारी पाच हजार रुपये वाटले, सारामाफीही दिली. तरी त्याचाच इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी लिहितो की पिठात हाडांचा चुरा मिसळून विकला जात होता. अशा दिवसांत ज्याचे पेव भरलेले, तोच गावाचा राजा.

याच दुष्काळात देहूला एक महाजन होता. घरी सावकारी, दुकानदारी. त्याचे दिवाळे निघाले, गुरेढोरे गेली, पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगाही गेला. तो महाजन म्हणजे आपले तुकोबाराय. दुष्काळ सरल्यावर बुडालेले वसूल करायला कर्जखते हाताशी होती. परंपरा सांगते की धाकट्या कान्होबाच्या वाट्याची निम्मी त्याला देऊन आपली निम्मी खते तुकोबांनी इंद्रायणीच्या डोहात सोडली. ज्याने घरातच भूक पाहिली, त्याने दुसऱ्याच्या भुकेवरचा आपला हक्क सोडला.

आपण तुकोबांएवढे होऊ शकत नाही. पण त्यांची माळ घातली आहे, तर थोडे तरी करता येईल. एकादशीचा उपास आपल्या अंगवळणी आहे. पंगतीत बसल्यावर कोणी जास्तीची पत्रावळ मांडीखाली लपवत नाही. पुढच्याच्या पानात पडले की आपल्याही पडेल, हा भरवसा असतो. बाजारात मात्र तो भरवसा आपण का विसरतो? आवई उठली की सगळेच चौपट घेतात आणि नसलेली टंचाई खरी होते.

तेव्हा माउली, पुन्हा अशी बातमी आली तर घरातला डबा एकदा उघडून पाहा. महिन्याचे असेल तर दुकानाकडे जाऊ नका. शेजारी हातावर पोट असणारे कोणी असेल, तर त्याचा डबाही विचारा. परांड्याच्या वाटेवर पालखीला भाकरी देणारी घरे हीच आहेत.

रामकृष्ण हरी.