घोणस, फुरसे आणि रक्ताची गुठळी : एक ऐतिहासिक टिपण

रक्तवाहिन्यांच्या विकारांचा इतिहास सांगताना बर्लिन व ऑक्सफर्डचा उल्लेख हटकून होतो, शहापूर-मुरबाडच्या भातखाचरांचा मात्र होत नाही. वास्तविक या शास्त्राला ज्यांच्या विषाने वाट दाखविली, ते घोणस व फुरसे हे दोन्ही साप येथील बांधांवर व माळांवर आढळतात. प्रस्तुत टिपणात या संबंधाचा मागोवा घेतला आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रुडॉल्फ फिर्खो यांनी फुप्फुसात अडकलेली गुठळी बहुधा अन्यत्र तयार होऊन रक्तप्रवाहाबरोबर तेथे येते, हे दाखवून दिले. ती तयार कशी होते, हा प्रश्न मात्र शिल्लक होता. कंपनी सरकारचे निसर्गतज्ज्ञ पॅट्रिक रसेल यांचा भारतीय सापांवरील ग्रंथ १७९६ मध्ये प्रसिद्ध झाला. इंग्रजीत घोणस त्यांच्याच नावाने ओळखली जाते. १९३४ मध्ये मॅकफार्लेन व बार्नेट यांनी या सापाचे अत्यंत सौम्य केलेले विष लावून हिमोफिलियाच्या रुग्णाचा रक्तस्राव थांबविता येतो, असे मांडले. हे विष रक्तातील दहाव्या घटकाला थेट कार्यान्वित करते, हे पुढे स्पष्ट झाले. एक घटक दुसऱ्यास जागा करतो, या साखळीची कल्पना मॅकफार्लेन यांनीच १९६४ मध्ये मांडली.

फुरशाची कथा अधिक विलक्षण आहे. त्याच्या विषातील इकिस्टॅटिन हे प्रथिन प्लेटलेटना एकमेकींस चिकटू देत नाही. त्याच्या रचनेवरून घडविलेले टिरोफिबान हे औषध १९९८ पासून हृदयरोग्यांसाठी वापरात आले.

दंश झालेल्या शेतमजुराच्या शरीरात मात्र हेच विष सर्वत्र गोठण्याची क्रिया चेतवून त्यासाठी लागणारे घटक संपवून टाकते आणि मग रक्त गोठेनासे होते. त्यावर उपाय प्रतिविषाचाच. परळच्या हाफकिन संस्थेने ते घोड्यांच्या रक्तापासून तयार करण्याची परंपरा चालविली. परंतु देशातील प्रतिविषासाठी लागणारे विष दीर्घकाळ मुख्यत्वे तामिळनाडूतील सापांचे राहिले आणि विषाची घडण प्रांतागणिक बदलते. तेव्हा सह्याद्रीच्या पायथ्याशी ते तितकेच गुणकारी ठरेल, असे गृहीत धरणे योग्य नव्हे.

निदानाचे साधन मात्र अगदी साधे आहे. कोरड्या काचेच्या नळीत दोन मिलिलीटर रक्त वीस मिनिटे न हलविता ठेवून नळी तिरपी करावयाची. रक्त वाहिले, तर प्रतिविष द्यावयाचे. नळी काचेचीच हवी. प्लॅस्टिकच्या किंवा साबणाने धुतलेल्या नळीत निरोगी माणसाचे रक्तही वेळेत गोठत नाही.