टेट मॉडर्न

लंडनमधील आधुनिक व समकालीन कलेचे संग्रहालय. थेम्स नदीच्या दक्षिण काठावर, बँकसाइड येथील जुन्या वीजकेंद्रात ते मे २००० मध्ये सुरू झाले. साधारण १९०० पासूनची आंतरराष्ट्रीय कला येथे पाहावयास मिळते.

इमारत : सर जाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांनी आखलेले हे वीजकेंद्र दोन टप्प्यांत बांधले गेले. ते तेलावर चालत असे. १९८१ मध्ये ते बंद पडले. झाक हर्झोग व पिएर द म्युरॉन या स्विस वास्तुकारांनी त्याचे संग्रहालयात रूपांतर करताना विटांच्या भिंती आणि ९९ मी. उंचीचे धुराडे कायम राखले. तेलाच्या भूमिगत टाक्यांतही २०१२ मध्ये कलादालने झाली. २०१६ मध्ये नवी दहामजली इमारत जोडण्यात आली.

टर्बाइन हॉल : यंत्रे हलवल्यावर उरलेले सुमारे ३५ मी. उंच व १५२ मी. लांब दालन वास्तुकारांनी मोकळेच ठेवले. संग्रहालयाची खरी ओळख या निर्णयातून घडली, कारण इतक्या मोठ्या छताखाली काम करण्याची संधी कलावंतांना क्वचितच मिळते. मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांनी २००२ मध्ये पोलादाच्या तीन कड्यांवर लाल पीव्हीसी पडदा ताणून ‘मार्सियस’ हे शिल्प येथे उभारले. ओलाफर एलियासन यांनी २००३ मध्ये कृत्रिम सूर्य उभा केला. लोक जमिनीवर पाठ टेकून छताच्या आरशांत स्वतःला न्याहाळत. २००७ मध्ये कोलंबियाच्या डोरिस साल्सेदो यांनी वंशभेदावर बोट ठेवण्यासाठी जमिनीलाच लांबलचक भेग पाडली. प्रदर्शनानंतर ती बुजवली, तरी तिचा व्रण फरशीवर दिसतो.

संग्रह : मांडणी कालक्रमाने नसून विषयवार असते, त्यामुळे वेगवेगळ्या देशांची व दशकांची कामे शेजारी येतात. मार्क रॉथको यांची गडद तांबूस भित्तिचित्रे न्यूयॉर्कमधील एका उपाहारगृहासाठी काढलेली होती. त्यांनी ते काम सोडले आणि नऊ चित्रे टेटला दिली. ही चित्रे मंद प्रकाशात पाहावीत, अशी त्यांची इच्छा होती. डोळे अंधाराला सरावले की कडांमधले रंगांचे थर उलगडू लागतात. त्यासाठी बाकावर निवांत बसावे.

मुंबईशी संबंध : २००१ च्या ‘सेंच्युरी सिटी’ या प्रदर्शनात नऊ शहरांमध्ये मुंबईचा समावेश होता. तो विभाग कलासमीक्षक गीता कपूर व चित्रपट-अभ्यासक आशिष राजाध्यक्ष यांनी रचला. मुंबईतच जन्मलेले चित्रकार भूपेन खख्खर यांचे मोठे प्रदर्शन २०१६ मध्ये भरले.

भेट : कायम संग्रह विनामूल्य पाहता येतो, विशेष प्रदर्शनांना तिकीट असते. सेंट पॉल्स कॅथीड्रलकडून मिलेनियम पुलावरून चालत येता येते. पश्चिमेच्या उतरणीवरून थेट टर्बाइन हॉलमध्ये शिरावे. एका दिवसात सारे पाहण्याचा अट्टाहास न धरता दोन-तीन दालने सावकाश पाहणे श्रेयस्कर. प्रवेशशुल्क नसल्याने पुन्हा येणे सोपे जाते आणि समकालीन कला अशा वारंवार भेटींतूनच आपलीशी होते.